गोदा पुरली तेव्हा मी माहेरी का गेले होते

अहो, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि अमेरिकेहून सुहासचं पत्र आलं आहे. पाकिटावर नाव माझं, आत चार पानं तुमच्यावर. माझ्या वाट्याला शेवटच्या काही ओळी आल्या. 'आज्जी, आम्ही विमानाची तिकिटं काढली होती, वाटेतून परत फिरलो. आम्ही पोचेपर्यंत दोन दिवस तू आप्पांना ठेवलं का नाहीस, हे मीनल मला रोज विचारते. जमलं तर आप्पांवर काही लिहून पाठव. आम्ही सगळे एकत्र बसून वाचू.'

दोन्ही कामं एकदमच करते. मात्र बोलणार तुमच्याशी, कारण यातलं जे काही आहे ते आधी तुम्ही ऐकायला हवं होतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर नातवंडांना सोपं गेलं असतं. पण आपलं जे भांडण कधी झालंच नाही, ते झालं असतं तर मराठीतच झालं असतं. विजयानं, आपल्या मुलीनं, तिच्या मुलांना वाचून दाखवावं. तिला यातलं थोडं आठवतही असेल.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणं आटोपली की तुम्ही नातवंडांना गोदाची गोष्ट सांगायचात. शब्द न शब्द मला पाठ आहे.

'तर काय झालं पोरांनो, निजामाचं राज्य डुलायलं होतं. सगळीकडं मोटारी ओढून न्यायलेत. मी म्हनलं, जीव गेला तरी गोदा द्यायची न्हाई. शेतात एवढं मोठ्ठं पेव खांदलं अन् गोदाला जमिनीच्या पोटात झोपवली!'

'आणि आज्जी कुठे होती?' मीनल दर वर्षी विचारायची.

'तुमची आज्जी तेव्हा माहेरी गेल्ती.'

एवढं म्हणून तुम्ही पुढे निघायचात. मी तिथेच ताटं उचलत असायचे.

मी माहेरी गेले होते, हे खरं आहे. का गेले होते, कशी गेले होते आणि पोचले तेव्हा तिथे काय झालेलं होतं, हे गोष्टीत कधी आलं नाही. आता क्रमानं सांगते. मला क्रम लागतो. तुम्ही त्याला मास्तरकी म्हणायचात.

तुमच्या मोटारींची खरी नावं मी लिहिणार नाही. त्या अमेरिकन कंपन्यांचा जप तुम्ही आयुष्यभर केलात आणि सुहासला तो येतो. मी तुम्ही ठेवलेली घरची नावं लिहिते: गोदा, पूर्णा आणि दुधना. जिल्ह्यातल्या तीन नद्या. आपली मुलगी झाली तेव्हा मात्र तिचं नाव तुमच्या आईनं ठेवलं, कारण बारशाच्या दिवशी दुधनाचा रेडिएटर गळत होता आणि तुम्ही तिच्याखाली आडवे होतात.

आपण मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले आडते. परभणीत त्या काळी मोटार असायची ती तालुकदाराकडे, एखाद्या जहागीरदाराकडे, नाहीतर जिनिंगच्या मालकाकडे. ते नवी मोटार घ्यायचे आणि बिघडली की टाकून द्यायचे. तुम्हाला त्यांनी टाकलेलीच हवी असायची, आणि तीही अमेरिकेत बनलेली. विलायतेच्या गाड्यांना तुम्ही नाजूक पाहुण्या म्हणायचात. 'अमेरिकेची मोटार आपल्या काळ्या रानात रुतली तरी रडत न्हाई. अन् नवी काय, कुणीबी घेतंय. टाकलेली सांभाळायला काळीज लागतंय.' काळीज तुम्हाला होतं. ते कुठे ठेवलं होतंत, ते पुढे येईलच.

गोदा तुम्हाला एका जहागीरदाराच्या देवडीत सापडली. मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. तुम्ही पिल्लं निघेपर्यंत आठ दिवस थांबलात आणि मग मोटारीला बैल जुंपून ती परभणीला आणलीत. अख्खा मोंढा रस्त्यावर आला होता. कुणीतरी ओरडलं, 'आप्पा, भोंगा मोटारीचा वाजवायचा का बैलाचा?' तुम्ही चाकामागे ताठ बसून राहिलात, नवरदेवासारखे. दारात सासूबाईंनी तिला ओवाळलं. कोंबडीसाठी आठ दिवस थांबणारा माणूस म्हणून मी त्या दिवशी तुमच्याकडे कौतुकानं पाहिलं होतं. हे मी पुसणार नाही.

मग तुमचे सोमवार सुरू झाले. अंघोळ, लिंगपूजा, आणि कपाळावर भस्म लावलेल्या त्याच तीन बोटांनी गोदाच्या बॉनेटवर तीन पट्टे. त्यानंतर इंजिन सुरू करून अर्धा तास नुसतं ऐकत उभं राहायचं. चाकं विटांवर उचललेली, टायरांना गोणपाट गुंडाळलेलं. कातडी गाद्यांना तुम्ही एरंडेल चोळायचात. विजयाचं पोट दुखलं की घरात एरंडेलाचा थेंब नसायचा आणि गल्लीतली कुत्री गोदाच्या गाद्या चाटायला रांगेनं हजर असायची. उस्ताद म्हणून एक मिस्त्री यायचा. तो तुम्हाला तोंडावर सांगायचा, 'आप्पा, मोटार है ये. देवी नक्को बनाओ इसकू.' त्याचं तुम्ही ऐकलं नाहीत. एका श्रावणात घरी आलेल्या जंगमांना, आपल्या वीरशैवांच्या गुरूंना, तुम्ही गोदाला दीक्षा द्यायला सांगितलंत. म्हातारे जंगम तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, 'देतो की. लिंग बांधायला गळा दावा.' सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खरोखरच गळा शोधत होतात.

इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. माझे वडील वाशीमला इंग्रजी शाळेत मास्तर, मी मॅट्रिक झालेली. मोटारींबरोबर आलेली माहितीची पुस्तकं म्हणून माझ्याकडे आली. दुपारी दुकानाला सुट्टी असताना तुम्ही सोप्यात माझ्यासमोर मांडी घालून बसायचात आणि मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची. सासूबाईंना वाटलं, सून पोथी वाचते. तिसऱ्या दिवशी त्या भस्म लावून, हात जोडून येऊन बसल्या. मी पिस्टनचा भाग सांगत होते. 'चौघं एकाच दांड्याला बांधलेले आहेत. एक वर गेला की दुसऱ्याला खाली यावंच लागतं.'

'खरं हाय माय,' सासूबाई मान डोलावत म्हणाल्या. 'संसाराचं असंच हाय.'

तुम्ही हसू आवरायला खांबाआड गेलात. मी पुस्तकात तोंड घातलं.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या, हे लिहिताना मला तुमचाच राग येतो. त्या घरात एक पुरुष माझ्यासमोर खाली बसून, मी सांगेन ते शिकत होता. तुम्ही मध्येच थांबवून विचारायचात, 'पुन्हा सांग. हवा आधी का तेल आधी?' सुट्या भागांसाठी मुंबईला पत्रं मी लिहायची, सही तुमची असायची. मोटारीच्या पोटात काय चालतं हे मला तुमच्याआधी कळत होतं. एकदा मी म्हणाले, मला चालवून बघू द्या. 'पुस्तक वाचून मोटार चालत नसती,' तुम्ही म्हणालात. त्या वेळी मी हसण्यावारी नेलं.

मग तो शेवटचा उन्हाळा आला. राज्याचं काय होणार, कुणाला ठाऊक नव्हतं. पेट्रोल मिळेनासं झालं होतं. रस्त्यावर दिसेल ती मोटार अडवून नेत होते आणि कोण नेतंय, हे विचारायची सोय नव्हती. दुधना आपल्या दारातून गेली. पूर्णाची चाकं काढलेली होती म्हणून ती राहिली. गोदाला तुम्ही पोखर्णीच्या वाटेवरच्या शेतात कडब्याच्या गंजीमागे लपवलंत. ती ठणठणीत होती. सोमवारी तुम्ही शेतात जाऊन तिचं इंजिन सुरू करत होतात, हे मला नंतर कळलं.

एका मंगळवारी संध्याकाळी हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याच्या हाती माझ्या भावाची चिठ्ठी आली. आईनं अन्न सोडलं आहे, तुझं नाव घेते, मोटारीनं निघालीस तर भेट होईल. वाशीम हद्दीपलीकडे, वऱ्हाडात. मोटारीनं सकाळी निघालं तर दिवेलागणीच्या आत पोचता यायचं. चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवली.

'पेट्रोल न्हाई,' तुम्ही म्हणालात.

'थोडंसुद्धा?'

'थेंब न्हाई. असतं तर तुला न्हाई म्हनलो असतो का?'

'हिंगोलीपर्यंत तरी पोचवा. पुढचं मी बघते.'

'अगं, मोटार काय पाण्यावर चालायली का? दमणी जुंपून देतो. सटवाजी येईल संगं. अन् म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतीस. तू जाशील तर उठून बसलेली दिसंल बघ.'

हे बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. नजर चुकवली नाहीत. म्हणून तर माझा विश्वास बसला.

रेल्वेनं हिंगोली गाठता आली असती, पण त्या दिवसांत बाईमाणसाला आणि लेकराला घेऊन स्टेशनात जायला कुणी धजत नव्हतं. बुधवारी सकाळी मी, सात वर्षांची विजया आणि आपला सालगडी सटवाजी असे दमणीतून निघालो. दमणी म्हणजे वरून आच्छादन घातलेली बैलगाडी, हे मीनलसाठी. वैशाखाचं ऊन होतं. दोनदा सटवाजीनं घाईनं रस्ता सोडून गाडी ओढ्यात उतरवली आणि बैलांच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला. वरून माणसं जात होती. कसली माणसं ते आम्ही पाहिलं नाही. विजया मला पुन्हापुन्हा विचारत होती, 'बाबा मागनं मोटार घेऊन यायलेत का?' एरवी सटवाजी तिच्याशी अखंड बडबडायचा. त्या प्रवासात तो फक्त बैलांशी बोलला. मला वाटलं, उन्हानं थकला असेल.

शनिवारी सकाळी वाशीमला पोचलो. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, 'बैलगाडीनं आलीस?'

आई गुरुवारी दुपारी गेली होती.

मुलं तिकडे वाढली, त्यांना हे नीट ठाऊक नसेल. आपण वीरशैव. आपल्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, पाठ टेकवून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात, गळ्यातलं लिंग तळहातावर देतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. बसवलेल्या माणसाला फार वेळ ठेवायचं नसतं. माझ्या आईला ठेवलं. गुरुवार दुपारपासून शुक्रवारचा सूर्य मावळेपर्यंत, वैशाखात, दाराकडे तोंड करून. गल्लीतली मोठी माणसं उठवा म्हणत होती. वडील म्हणत राहिले, 'त्यांच्याकडे मोटार आहे. पोचेलच एवढ्यात.' रस्त्यावर भोंगा वाजला की सगळं घर उठून दारात यायचं. एकदा डॉक्टर होते, एकदा कुठलीशी लॉरी. शेवटी दिवस मावळताना उचललं.

भावानं हे सगळं मला सांगितलं आणि शेवटी विचारलं, 'मोटारीचं काय झालं?'

'पेट्रोल नव्हतं,' मी म्हणाले. तुमच्या वतीनं, मान वर करून म्हणाले.

सटवाजी दमणी घेऊन परत गेला आणि त्यानंतर हद्दीवरची ये-जा बंद झाल्यासारखीच झाली. वडिलांनी मला परत पाठवलं नाही. ते राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर मी परभणीला आले. मधल्या काळात तुम्ही गोदा पुरली होतीत. आज्जी माहेरी गेल्ती, ती अशी.

आता तुमच्या त्या पराक्रमाचं. आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवतात. जमिनीत खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर मातीचं लिंपण. हवा लागली नाही की दाणा वर्षानुवर्षं राहतो. ज्वारी राहते तर मोटार का राहणार नाही, असा तुमचा सिद्धांत. आडत्याच्याच डोक्यात येईल असा. गोदाच्या मापाचा खड्डा खणला, कडबा लावला, उतार करून तिला आत ढकललं, वर फळ्या, चटया आणि लिंपण. सटवाजीनं तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पेव पांढरीत खणतात, काळ्या रानात नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. दुसरी गोष्ट मला त्याच्याच शब्दांत आवडते: 'मालक, ज्वारी वाळवून ठेवत्यात म्हून टिकती. लोखंडाला कसं वाळवावं?'

तुम्ही त्याला म्हणालात, 'तू खांद.'

पेव उघडायच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना शेतात नेलंत. मला आग्रहानं नेलंत. हार होता, नारळ होता. वरची माती ओढली आणि आतून जो वास आला, तो कुजलेल्या कडब्याचा होता. पावसाचं पाणी तिच्या कमरेपर्यंत चढून ओसरलेलं. लाकडी सांगाडा बोटानं खरवडला जात होता. छताचं कापड नव्हतंच. एरंडेल पाजलेल्या गाद्यांवर बोटभर पांढरी बुरशी. तुम्ही तिच्या पायरीवर हात ठेवून हमसून रडलात. माझी आई गेल्याचं कळल्यावर तुम्ही मला एक कार्ड धाडलं होतंत, अडीच ओळींचं.

मग सटवाजीनं तिच्या मागच्या बाजूचा कडबा उपसला आणि डबे बाहेर काढायला लागला. पत्र्याचे, तोंडं मेणानं बंद केलेले. सहा डबे. एकाचं मेण तुम्ही चाकूनं काढलंत आणि वास शेतभर पसरला.

'अरे, टिकलंय की!' तुम्ही ओरडलात. रडणारा माणूस एका क्षणात हसायला लागला. हसत हसतच तुम्ही वळलात आणि समोर मी होते.

मी तुमच्या तोंडून एक शब्द निघायची वाट पाहत होते. कुठलाही चालला असता.

तुम्ही सटवाजीकडे वळून म्हणालात, 'झाकण लाव रे नीट. उडून जायचं.'

मी खणणाऱ्या माणसांसाठी चहा ठेवायला गेले. तीन दगडांची चूल मांडत होते तेव्हा सटवाजी मागून आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, 'आक्का, डबे शिमग्याच्या आधीपसून गंजीखाली व्हते. मालक म्हनले, बोललास तर सालातून काढीन. लेकरंबाळं हायेत मला.' मी त्याला म्हणाले, चहा घे.

त्याच पेट्रोलवर तुम्ही आठवड्याभरात पूर्णाला चाकं बसवून, पुढे तिरंगा लावून गावभर मिरवलात. घरासमोर थांबून मला हाक मारलीत, 'चल, बस की!' मी बसले नाही. त्या दिवसापासून मी तुमच्या कुठल्याही मोटारीत बसले नाही. मुलांना वाटतं, आज्जीला गाडी लागते. तुम्हीच त्यांना तसं सांगितलंत.

पुस्तकंही मी पुन्हा उघडली नाहीत. एकदा तुम्ही कार्ब्युरेटरचं पान काढून समोर ठेवलंत. मी म्हणाले, डोळे दुखतात. तुम्ही पान मिटलंत. डोळ्यांना काय झालंय, दवाखान्यात जायचं का, असं काहीच विचारलं नाहीत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पुढे तुम्ही शाळेतल्या एका मास्तरांकडून वाचून घ्यायला लागलात आणि त्यांनी तेल घालायचं भोक आणि पाणी घालायचं भोक यांत जो गोंधळ केला, त्यात पूर्णाचं इंजिन गेलं. त्या दिवशी मी शिरा केला होता. सासूबाईंनी विचारलं, आज काय हाय? मी म्हणाले, सोमवार.

तुमची बाजू लिहिणं माझं काम आहे, कारण तुम्ही ती कधी मांडली नाहीत. तो रस्ता धोक्याचा होता. गोदा बाहेर पडली असती तर नाक्याच्या आधीच अडवली असती. कदाचित तुम्हालाही मारलं असतं. 'मला भीती वाटायली' एवढं म्हणाला असतात तर मी त्याच बैलगाडीत बसले असते आणि परत येऊन तुमच्याशी पुढची सगळी वर्षं बोलले असते. तुम्ही म्हणालात, थेंब नाही. आणि ज्या रस्त्यावर मोटार पाठवायला तुम्ही धजला नाहीत, त्याच रस्त्यावर बायको आणि मुलगी पाठवलीत. पहिली गोष्ट एक वेळ माफ केली असती, दुसरी मी तुम्हाला कधीच माफ करू शकले नाही.

विजया सोळा वर्षांची झाल्यावर तुम्ही तिला मोटार शिकवलीत. गावात चर्चा झाली, पण तुम्ही बधला नाहीत. तिच्या शेजारी बसून तुम्ही खिडकीतून घराकडे पाहत होतात, मी दारात आहे का, हे. मी दारात होते. ते माझ्यासाठी चाललं आहे, हे मला कळलं होतं. मी आत निघून गेले. तेवढा माझा वाटा मी मान्य करते. गोदा उभी करायला तुम्हाला वीस वर्षं लागली. लाकूड नवं, छत नवं, इंजिनाचा अर्धा भाग नवा. आज लोक लांबून तिला पाहायला येतात. सुहास तिकडे जुनी मोटार घेऊन दुरुस्त करत बसतो, ते तुमच्याकडून आलं. टाकलेल्या वस्तूवर धीर धरून काम करायचं, ही चांगली गोष्ट तुम्ही त्याला दिलीत. ती मला कधी मिळाली नाही, म्हणून वाईट ठरत नाही.

आता मीनलच्या प्रश्नाचं.

तुम्ही त्या दिवशी सकाळी गेलात, चहा हातात असताना. शिवानंदानं, आपल्या मुलानं, अमेरिकेला फोन लावला. तिकडून विजया म्हणाली, मी आणि मुलं निघतो, परवा पोचतो. इकडे तुम्हाला रीतीप्रमाणे बसवलं. पाठीला पाट, कपाळाला भस्म, गळ्यात हार, तळहातावर लिंग, तोंड दाराकडे. शिवानंद म्हणाला, 'आई, दवाखान्यात शीतगृहाची सोय होते. दोनच दिवसांचा प्रश्न आहे.' जंगमांनी विचारलं, 'आक्का, कसं करायचं? लेकीची वाट बघायची का?' मी म्हणाले, बघू.

मी तुमच्यासमोर भिंतीला टेकून बसले. माणसं येत होती, पाया पडत होती. दारात रिक्षा थांबली की सगळे तिकडे वळायचे. 'अमेरिकेचे आले वाटतं,' कुणीतरी म्हणायचं. इतक्यात ते येऊ शकत नाहीत हे ठाऊक असूनही म्हणायचं. पुन्हा रिक्षा, पुन्हा माना वळायच्या. तुमचे डोळे नीट मिटलेले नव्हते. दुपार चढली तशी मान थोडी पुढे आली, आणि तुम्ही दाराकडे वाकून बघताय असं दिसायला लागलं.

मीनल, तुला सांगायला मी एक उत्तर तयार केलं होतं. उन्हाळा होता, आपल्यात दवाखान्यात ठेवत नाहीत, बसलेल्या माणसाला फार वेळ ठेवू नये. त्यातलं एकही खोटं नाही. दुसरं उत्तर तू मनात धरलं असशील, की आज्जीनं आप्पांवर राग काढला. बारा दिवस मी स्वतःला तेही विचारते आहे. थोडा असेल. एवढा जुना राग एका दुपारी घराबाहेर जाऊन उभा राहत नाही.

पण अहो, माझ्या आईला मी तशी बसलेली पाहिली नव्हती. फक्त ऐकलं होतं. इतकी वर्षं ती माझ्या मनात त्या दाराशी बसलेली होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. त्या दुपारी तो मला पहिल्यांदा दिसला. कसा दिसतो, ते कळलं.

तीन वाजता मी उठले आणि शिवानंदाला म्हणाले, 'उचला.' तो म्हणाला, 'आई, मुलं विमानतळावर निघालीत.' मी म्हणाले, 'उचला म्हटलं ना.' सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बघू देत. वाट बघत बसलेला माणूस मला बघवत नव्हता, तो तुम्ही असलात तरी.